"दोन मिनिटं एका जागी बसत नाही हो!" – या चुका टाळा

पुण्यात सहकारनगरला घरीच प्लेग्रुप चालवते, पंधरा वर्षं झाली, आणि दर जूनमध्ये हे वाक्य ऐकते, तेही अशा काळजीने की जणू पोराला यंदा दहावीचा पेपरच द्यायचाय. अहो, दोन वर्षांचं आहे ते! ढोबळ हिशोब म्हणजे वयाच्या एका वर्षाला दोन-तीन मिनिटं. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या कामात दोन वर्षांचं मूल चार-सहा मिनिटं टिकलं तरी खूप झालं. आणि झोप नीट झाली नसेल, दाढा येत असतील तर तेवढंही विसरा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रमलेल्या पोराला उठवणं. ही मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगते. लेक सव्वादोन वर्षांची होती, तिला पेशवे पार्कात फुलराणीत, म्हणजे तिथल्या छोट्या आगगाडीत, बसवायला नेलं. तिकिटं काढली आणि बाईसाहेब कट्ट्याखाली मुंग्यांची रांग बघत उकिडव्या बसल्या. रांगेतली एक मुंगी काहीतरी पांढरं ओढत होती, ही तिच्यामागे बेडकासारखी सरकतीये. मी दर मिनिटाला "चल ना, गाडी बघ, झुकझुक बघ, झेंडा बघ", शेवटी उचलूनच नेलं. अख्खी फेरी मागे बघून "मुंगी! मुंगी!" करत रडली. घरी येऊन मी सासूबाईंना म्हणते, हिला अजिबात कॉन्सन्ट्रेशन नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुंग्यांपाशी किती वेळ होती गं?" वीस मिनिटं! लक्ष मोडत होते मीच.

या वयात नवीन दिसेल तिकडे लक्ष आपोआप जातं. पण ठरवून एका गोष्टीवर धरून ठेवणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटते. म्हणून स्वतः निवडलेल्या गोष्टीत पोर जास्त टिकतं. आता माझी सवय अशी की मूल रमलं की मी गप्प, "हा कुठला कलर?" सुद्धा विचारत नाही.

खेळण्यांचा ढीग. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात 36 लहान मुलांवर केलेला प्रयोग 2018 मध्ये छापून आला, 16 खेळण्यांपेक्षा 4 खेळणी समोर असताना मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. तुळशीबागेतली अख्खी भातुकली एकदम ओतली की पोरं फक्त फेकतात, हे मला प्रयोगाशिवायच माहीत होतं म्हणा. चार बाहेर, बाकी माळ्यावर, रविवारी अदलाबदल.

मागे टीव्ही चालू ठेवणं. पोर बघत नसलं तरी खेळ तुटतो, त्यामुळे सिरियल नंतर बघा.

"पण मोबाईलवर तासभर बसतो की!" हे ऐकलं की माझं डोकं सटकतं. दर काही सेकंदांनी चित्र बदलून मोबाईल त्याला धरून ठेवतो, यात त्याचं लक्ष कुठे आलं? वरणभात पटकन संपतो म्हणून शॉर्टकट मारायचा आणि मग वर्षभराने माझ्याकडे यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षं जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच.

स्वयंपाकघरातून ओरडून सूचना देणं: जवळ जा, खाली बसा, एका वेळी एकच गोष्ट सांगा.

गुगल करून एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार) ठरवणं. चार वर्षांखाली डॉक्टरही सहसा हे लेबल लावत नाहीत. मात्र नावाने हाक मारली तरी बघत नाही, नजर देत नाही, येत होते ते शब्द गेले, असं असेल तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानही तपासून घ्या, सर्दीनंतर कानात पाणी साठलं तरी मूल "लक्ष देत नाही" असंच वाटतं.

आणि हो, फ्लॅशकार्डं. एका आईने मोठ्या हौसेने दोन सेट आणून दिलेत, दुकान-दुकान खेळताना आमच्याकडे त्यांच्या नोटा होतात.