अक्षर दाबलं आणि लूप थांबेचना

शून्य टाकेपर्यंत आकड्यांची बेरीज करणारा, सी भाषेतला छोटा प्रोग्राम. चुकून ‘एक्स’ दाबला आणि ‘आकडा द्या’ ही ओळ पडदाभर धावत सुटली. शेवटी कंट्रोल-सी दाबून बंद केला.

तासभर व्हाइल लूपची, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाची, अट तपासत बसलो. दोष तिथे नव्हताच. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ या फंक्शनला इथे आकडा हवा असतो. अक्षर दिसलं की तो ते उचलत नाही, इनपुटमध्येच ठेवतो. पुढच्या फेरीत तेच अक्षर पुन्हा समोर! आकडा साठवायच्या व्हेरिएबलमध्येही जुनीच किंमत.

मग स्कॅनएफ काय परत करतो ते पाहिलं. १ आला तरच बेरीज. ० आला तर गेटचारने (एकेक अक्षर वाचणारं फंक्शन) ओळ संपेपर्यंतची अक्षरं काढून टाकली. ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) आला की सरळ ब्रेक, म्हणजे लूपमधून बाहेर. आणि हो, गेटचारचं उत्तर इंटमध्येच (पूर्णांकाचा प्रकार) घ्या, कॅरमध्ये (अक्षराचा प्रकार) ईओएफ नीट ओळखू येईलच असं नाही.