जुन्या ओएम-१ च्या मीटरसाठी सेल

ऑलिम्पस ओएम-१ सारख्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या पारा-सेलवर बेतलेलं. तो सेल आता मिळत नाही. १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला तर मीटर उजेड जास्त दाखवतं आणि फोटो काळपट येतात. त्यापेक्षा बेळगावात कानाच्या मशीनचे सेल मिळतात तिथून ६७५ नंबरचा घ्या. तो साधारण १.४ व्होल्ट देतो, स्वस्तही आहे. व्यास कमी असल्याने भोवती रबरी रिंग बसवा. सेलवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या. त्यानंतर तो काही आठवडेच टिकतो. मग स्वच्छ उन्हात, येळ्ळूरच्या राजहंसगडावर म्हणा, आयएसओ २०० च्या फिल्मला, लेन्सचं छिद्र एफ/१६ वर ठेवून, मीटर १/२५० सेकंद शटरच्या आसपास येतंय का बघा. शटरला मात्र सेल लागतच नाही.