सावित्रीवरचा जुना पूल: इतिहास शोधायचा कसा

महाड-पोलादपूरच्या मधला सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला. नेटवर नाव टाका, त्या एका रात्रीच्याच बातम्या मिळतील: वाहून गेलेल्या दोन एसटी, एक तवेरा गाडी, शोधासाठी नदीत सोडलेलं 300 किलोचं लोहचुंबक. पण पूल 1928 चा. मधली 88 वर्षं हवी असतील तर थोडी पायपीट करावी लागेल.

आधी जुनी नावं लिहून घ्या. नुसतं 'रायगड' शोधलंत तर हात हलवत परत याल. 1981 पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता, आणि पुलावरून जाणारा आजचा 66 नंबरचा मुंबई-गोवा महामार्ग म्हणजे जुना 17 नंबरचा.

1883 च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, हा पूल सापडणार नाही, तरी त्यातलं व्यापाराचं प्रकरण वाचाच. महाड तेव्हा बंदर होतं. माल सावित्रीतून यायचा-जायचा. पुढचं दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे बांधकाम खात्याची कागदपत्रं मागा. ओळखपत्र न्या आणि घाई घरी ठेवून जा.

नकाशात एक गंमत आहे. अठरावा अक्षांश दोन्ही गावांच्या मधून जातो, म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या मालिकेत महाड 47 एफ/8 नंबरच्या शीटवर आणि पोलादपूर 47 जी/5 वर. दोन्ही शीट घ्या. मग कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडून काळाची पट्टी ऑगस्ट 2016 च्या मागे सरकवा. नदीवर शेजारी शेजारी दोन पूल होते. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या जुन्यावरून जायच्या. वाहून गेलेल्या दोन्ही एसटी मुंबईकडेच निघालेल्या.

म्हाताऱ्या माणसांना "पूल कधी बांधला हो?" असं विचारू नका, तारखा कुणाच्या लक्षात नसतात. "पाणी चढलं की गाड्या कुठे थांबायच्या, काका?" असं विचारा. त्यातही निवृत्त एसटी ड्रायव्हर गाठा. त्यांना रस्ता खड्ड्यासकट पाठ असतो. आणि टपरीवर नको, घरी बसून बोला. टपरीवर सगळे एकदम बोलतात. ज्यांची माणसं त्या रात्री गेली, त्यांच्या दारात मात्र रेकॉर्डर घेऊन उभे राहू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका.

जुना फोटो कुणी दिला तर आधी कमानी बघा. जुना पूल दगडी कमानींचा होता. सरळ काँक्रीटचा दिसला तर तो शेजारचा, नाहीतर जून 2017 मध्ये सुरू झालेला नवा.