जुना गंजलेला वस्तरा धारेवर आणताना मी जिथे अडकलो ती जागा

मागच्या दिवाळीच्या आधी इंदूरच्या रामबागेतलं आजोबांचं घर रिकामं करत होतो तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचा वस्तरा सापडला. बुंध्यावर 'सोलिंगन' (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) एवढंच वाचता येत होतं, बाकी सगळा तपकिरी गंज. आज त्याच वस्तऱ्याने मी आठवड्यातून दोनदा दाढी करतो, पण मधले जवळजवळ तीन महिने एकाच ठिकाणी अडकलो होतो आणि दोनदा तर आईला म्हणालो होतो की भंगारवाल्याला देऊन टाक. कुणाचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

पहिलं, तुमचा वस्तरा वाचण्यासारखा आहे का ते बघा. पाठीवर, अंगावर गंजाचे खड्डे असले तर असू देत, त्याने काही अडत नाही. खड्डे अगदी धारेला असतील तर मात्र कितीही घासा, धार तिथेच तुटत राहणार. आणि बारीकशी जरी चीर दिसली तरी त्या पात्याने दाढी करायची नाही, विषय संपला. मूठ सेल्युलॉइडची असेल तर वास घेऊन बघा, जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि पातं मुठीच्या आतल्या भागात गंजत जातं. तशी मूठ काढलीच पाहिजे, नाहीतर तुम्ही इकडून साफ कराल आणि ती तिकडून गंजवत राहील.

गंज काढायला सियागंजातून वॉटर पेपर (घासकागद) आणले, ४००, ६००, १०००, २००० नंबरचे; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, पुढे येणाऱ्या दगडांचंही तसंच. आधी शिलाई मशीनचं तेल लावून दोन दिवस ठेवलं, मग पातं लाकडावर आडवं ठेवून पाठीकडून धारेकडे घासत गेलो, उलट दिशेला कधीच नाही, बोट जातं. चार-पाच संध्याकाळी लागल्या. ग्राइंडर आणि बफिंग मशीनवर दहा मिनिटांत होतं असं सांगणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. धारेकडचं पोलाद कागदासारखं पातळ असतं, ते काही सेकंदांत तापतं, आणि ३०० अंशांच्या आसपास गेलं की निळं पडतं, म्हणजे त्याचं पाणी उतरलं. मग त्यावर धार टिकत नाही, नुसतं पॉलिश करून ते परतही येत नाही. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्लाही तसलाच, गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं ते.

आता मूळ गोष्ट, आणि ही मी लांबवून सांगणार आहे कारण इथेच माझी वाट लागली.

वस्तऱ्याची धार म्हणजे दोन बाजूंचे दोन बारीक उतार, ते जिथे भेटतात ती रेष. धार लावायच्या दगडावर पातं सपाट ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, म्हणजे कोन पाठच सांभाळते, तुम्हाला काही करायचं नसतं. १००० च्या दगडाचं काम एकच, दोन्ही उतार टाचेपासून (म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकापासून) पुढच्या टोकापर्यंत एकमेकांना भेटवणं. ते झाल्याशिवाय पुढचा दगड हातातही घ्यायचा नाही. मी काय केलं, १००० वर पन्नास-साठ हात मारले, चमक दिसली, लगेच ४००० आणि ८००० वर गेलो. ८००० चा दगड पोलाद काढतच नाही म्हटलं तरी चालेल, तो असलेल्या पृष्ठभागाला गुळगुळीत करतो. म्हणजे मी न भेटलेले उतार तीन महिने आरशासारखे चमकवत बसलो, पातं सुंदर दिसायचं आणि गालावर केस ओढायचं. मला वाटायचं पट्टा (दगडानंतर ज्या चामड्यावर पातं फिरवतात तो) कमी पडतोय, म्हणून अजून पट्टा. नाहीतर दगड स्वस्तातला आहे, म्हणून अजून एक महागडा दगड. पैसे गेलेच, पण आपल्या हातालाच जमत नाही हे मनात बसलं ते जास्त वाईट होतं.

सोडवलं ते आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांनी. आता तेही अर्धं ब्लेड लावूनच दाढी करतात, पण तरुणपणी खऱ्या वस्तऱ्यावर काम केलेलं. मी त्यांच्याकडे चामड्याचा पट्टा कसा मारायचा हे विचारायला गेलो होतो. त्यांनी पातं ट्यूबलाइटखाली धरलं, धार सरळ डोळ्यांसमोर, आणि म्हणाले, "टाचेपाशी पांढरं चमकतंय बघ. धार चमकत नसते रे, चमकते ती बोथट जागा. दगडावरच झालं नाही तर पट्ट्याकडे कशाला आलास?" बस, एवढंच. माझं म्हणणं आहे की असा एक माणूस शोधा. सामान विकणारा गुरू नको, जो प्रत्येक अडचणीवर नवीन दगड सुचवतो तो तर नकोच.

घरी येऊन उताराला काळं मार्कर लावलं, १००० वर दोनच हात मारले आणि सराफ्यातून आणलेल्या दहापट भिंगाने पाहिलं. टाचेकडचा पाव भाग काळाच्या काळा, म्हणजे तिथे दगड लागतच नव्हता! टाचेमागचा जाड भाग दगडाच्या कडेवर चढत होता आणि धार उचलली जात होती. पातं थोडं तिरकं धरून तो जाड भाग दगडाबाहेर ठेवला, आणि आधी दगडच सपाट केला, पेन्सिलने चौकटी आखून काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर सगळ्या रेघा पुसेपर्यंत. त्यानंतर दीड तास फक्त १०००, जोर न लावता, पात्याच्या वजनावर. संपूर्ण मार्कर एकाच वेळी पुसलं गेलं आणि हातावरचा केस टाच, मध्य, टोक तिन्हीकडे सारखा कापला गेला तेव्हाच थांबलो. तुम्हीही १००० वरच केस कापून बघा, इथे कापत नसेल तर पुढेही कापणार नाही.

पुढचं सोपं आहे, खरंच. ४०००, ८०००, जमलं तर १२०००, मग पट्टा. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे, आणि पातं उलटायचं ते पाठीवरून, धारेवरून उलटलंत तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. आधी कॅनव्हासवर, मग चामड्यावर पन्नासेक फेऱ्या.

पहिल्या दाढीला फक्त कल्ल्याखालचा गाल करा, कोन साधारण ३० अंश, दुसऱ्या हाताने कातडी ताणून, हनुवटी पहिल्या महिन्यात राहू द्या. हात थरथरतो, माझाही थरथरला, तो चार-पाच वेळांत स्थिर होतो. वस्तरा हातातून सुटला तर पकडायला जाऊ नका, मागे सरका, पातं परत घासता येतं.

आणि बाथरूममध्ये ठेवू नका. जुलैमध्ये मी एकच रात्र आरशापाशी विसरलो आणि सकाळी धारेवर नारिंगी ठिपके होते, परत ८००० वर जावं लागलं. आता पुसून, तेलाचा थेंब लावून तो आजोबांच्याच डब्यात असतो, माझ्या कपड्यांच्या कपाटात वरच्या खणात.