आर्टरी फोर्सेप आणि नीडल होल्डर: धुणं, तपासणं, वाफवणं

ऑपरेशन संपलं की हत्यारं सलाइनमध्ये बुडवून ठेवू नका. मिठाने स्टील गंजतं, आधी सांध्यात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, रक्त बघता बघता सुकतं. म्हणून ओलं फडकं टाकून ट्रे लगेच धुवायला न्या.

एन्झाइमच्या द्रावणात हत्यारं उघडून ठेवा. मिटलेल्या आर्टरीच्या (रक्तवाहिनी दाबून धरणाऱ्या चिमट्याच्या) खटक्यात रक्त अडकलं तर वाफ तिथे पोचत नाही. मऊ ब्रशने पाण्याखालीच घासा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. तारेची घासणी नकोच. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरट डाग पडतात, त्यामुळे शेवटचं खंगाळणं डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्याने.

आता तपासणी, जी घाईत हमखास राहते. आर्टरी खटक्याच्या पहिल्या दात्यावर लावा, सांध्याशी धरून दात्यांची बाजू टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा. आपोआप सुटली तर दुरुस्तीला. रक्तवाहिनीवर सुटण्यापेक्षा इथे सुटलेली बरी! नीडल होल्डरमध्ये सुई धरून दुसऱ्या दात्यावर लावा. सुई बोटाने सहज फिरली तर जबडा झिजलाय. मेट्झेनबॉम कात्री नाजूक ऊतींसाठीच. तिने धागा कापला की धार गेली. धाग्याला सरळ मेयो कात्री वापरा.

सांध्याला पाण्यात विरघळणारं वंगणच लावा, साधं तेल नाही. गुंडाळलेला संच साध्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांवर ३० मिनिटं, १५ पौंड दाबाखाली. वेळ तापमान गाठल्यावर मोजायची. ओलं पाकीट निर्जंतुक धरू नका.