वेगळं पात्र की नुसतं तऱ्हेवाईक? या चुका टाळा

हरभऱ्याला ओलीत करायचं तर थ्री-फेज लाइन बऱ्याचदा रात्रीची मिळते. स्प्रिंकलरचे पाइप एकदा लावले की अडीच-तीन तास काम नसतं, आणि झोपलं तर रानडुकरं येतात. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही पाच जण गेले चार हिवाळे हा मधला वेळ शेतातल्या कोठ्यात (गोठ्यात) डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळण्यात घालवतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते गोष्टीत रंगवायचं आणि अडचण आली की फाशाने निकाल लावायचा, असा हा खेळ. वीस बाजूंचा फासा मिळेना, म्हणून पहिल्या वर्षापासून बिस्किटाच्या डब्यातल्या १ ते २० च्या चिठ्ठ्यांवरच चालतं. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून मुक्त परवान्याखाली आहे, त्यामुळे पुस्तकावाचून अडलं नाही. खेळ चालवणारा मी, म्हणून मला मास्तर म्हणतात.

चार वर्षांत जी पात्रं फसली ती बहुतेक 'जरा वेगळं करू' म्हणूनच फसली. खालचे आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या सुधारित पुस्तकात काही ठिकाणी फरक आहे.

उलटं केलं की वेगळं झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. प्रत्येक पात्राला एक 'क्लास' असतो: फायटर लढतो, क्लेरिक देवाच्या नावाने मंत्र म्हणतो, बार्ड गातो-वाजवतो, विझार्ड पोथ्यांतून जादू शिकतो. फायटर आहे ना, मग भित्रा करा. क्लेरिक आहे, मग देव न मानणारा करा. बार्ड बेसूर, विझार्ड निरक्षर. ऐकताना हसू येतं. आमच्याकडे किराणावाल्याच्या पोराने भित्रा फायटर आणला होता. पहिल्याच लढाईत तो म्हणाला, "मी नाही लढत, मले भेव लागते." सगळे हसले. दुसऱ्या लढाईत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आमच्यातला लाइनमन वैतागून म्हणाला, "अबे, मंग घरीच राह्यचं होतं ना, इथं कायले आला?"

अख्खा घोळ त्या प्रश्नात होता. भित्रा माणूस तलवार घेऊन का निघाला, याचं उत्तर पोराकडे नव्हतं. क्लास हा धंदा आहे, स्वभाव ही वेगळी गोष्ट. गावात एकाच धंद्यातली दोन माणसं घ्या; एक सुतार मोजून मोजून बोलतो, दुसरा रंधा मारता मारता अख्ख्या गावाची खबर सांगतो. दोघांच्याही फळ्या बैलगाडीला बसतात. तेव्हा धंद्याच्या उलटा स्वभाव शोधू नका. या माणसाने हा धंदा कसा धरला आणि धंद्याचं कौशल्य तो कशासाठी वापरतो, ते शोधा.

लाइनमनचा बार्ड त्यातूनच निघाला. बार्ड म्हटलं की वीणा वाजवणारा, लाघवी बोलणारा, दिसेल तिच्यावर लाइन मारणारा, हे ठरलेलं. हा गडी बायकोच्या माहेरी, वडसा भागात, दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र बघून आलेला. त्याने बार्ड केला तो प्रॉम्प्टर. आयुष्यभर विंगेत उभा राहिलेला, प्रत्येक नाटकातली प्रत्येक ओळ पाठ असलेला, आणि रंगमंचावर एकदाही न आलेला माणूस.

आता नियम बघा. बार्डची मुख्य ताकद म्हणजे बार्डिक इन्स्पिरेशन. ती तो स्वतःला देऊच शकत नाही. साठ फुटांच्या आत ज्याला त्याचं बोलणं ऐकू येतं अशा दुसऱ्या कुणाला तरी तो एक सहा बाजूंचा फासा देतो, आणि पुढच्या दहा मिनिटांत तो माणूस अडला की तो फासा आपल्या आकड्यात मिळवतो. म्हणजे विंगेतून ओळ पुरवणं! नियमांचं एक अक्षर बदललं नाही. लाइनमन प्रत्येक वेळी हळूच एक वाक्य पुटपुटतो, समोरचा ते वाक्य मोठ्याने म्हणतो आणि चिठ्ठी काढतो. बाकीच्यांना बोलायला काहीतरी मिळालं, हा खरा फायदा. अडचण एकच होती. बार्डचा करिष्मा (माणसं पटवायचा गुण) जास्त असतो, मग हा बुजरा कसा? त्यावर तोडगा असा निघाला की समोरासमोर, एकट्यादुकट्याशी तो कुणालाही पटवतो. फक्त माणसं चारच्या वर गेली की त्याची बोबडी वळते. बुजरेपणाला अशी मोजता येईल अशी हद्द घातली की स्वभाव खेळात वापरता येतो.

आठ बुद्धी म्हणजे येडपट

नवे खेळाडू आकड्यांना घाबरतात. बुद्धी, करिष्मा अशा सहा गुणांना वाटायच्या ठरलेल्या सहा आकड्यांत (१५, १४, १३, १२, १०, ८) शेवटचा ८ कुठेतरी टाकावाच लागतो. बार्बेरियन (संतापाच्या भरात लढणारा रानटी गडी) करणारा तो बुद्धीत टाकतो आणि मग रात्रभर "मी मारू? मी खाऊ?" एवढंच बोलतो.

हिशेब मांडून बघा. बुद्धी १० म्हणजे सर्वसाधारण माणूस, त्याला अधिक-उणे काही नाही. ८ ला उणे एक. १२ ची अडचण असेल (म्हणजे चिठ्ठी आणि अधिक-उणे मिळून १२ किंवा वर हवेत) तर सर्वसाधारण माणसाच्या २० चिठ्ठ्यांपैकी ९ चालतात, आठवाल्याच्या ८. फरक एका चिठ्ठीचा! एवढ्या फरकाने माणूस येडा होत नाही. तो फार तर नावं विसरतो, किंवा हिशेब बोटांवर करतो.

माझ्या मावसबहिणीने हे ऐकून शेवंता केली. बुद्धी ८ ची बार्बेरियन, वीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात निंदण केलेली, चार बायकांच्या भांडणात कधीही आवाज न चढवणारी. बार्बेरियनच्या 'रेज'चे (संतापाच्या झटक्याचे) नियम नीट वाचा: पहिल्या पातळीला दोनदा, एक मिनिटभर, शारीरिक मार निम्मा लागतो, मंत्र म्हणता येत नाहीत. ओरडायचं, फेस आणायचा, असं कुठेही बंधन नाही. शेवंता रेजमध्ये गेली की बोलायची थांबते. बस्स. तिने वाक्य अर्धवट सोडलं की आम्ही चौघं खुर्च्या मागे सरकवतो. (खुर्च्या नाहीत, खताची पोती आहेत.)

एकटा, अबोल, अनाथ

'रोग' (इंग्रजी rogue, म्हणजे लबाड) हा क्लास आमच्याकडे नावापासूनच अडचणीचा. कोठ्यात रोग म्हटलं की सोयाबीनवरचा पिवळा मोझॅकच आठवतो. म्हणून आम्ही त्याला 'चोर' म्हणायला लागलो, आणि तिथेच फसलो. चोर म्हटल्यावर प्रत्येक जण चोरी करणारच. १९७५ मध्ये हा क्लास आला तेव्हा त्याचं नाव खरोखरच चोर या अर्थाचं होतं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ते बदललं, कारण चोरी हे त्याच्या अनेक कामांपैकी एक आहे.

त्यात ठरलेला साचा: आईबाप मेलेले, कोपऱ्यात बसलेला, कुणावर विश्वास नाही. या पात्राची गंमत अशी की नियमच त्याच्या विरोधात आहेत. रोगचा जोर 'स्नीक अटॅक'मध्ये, म्हणजे बेसावध शत्रूवर केलेल्या जोरदार वारात. त्यासाठी लपावंच लागतं असं नाही. तुमचा साथीदार शत्रूपासून पाच फुटांच्या आत उभा असेल तरी पुरतं. म्हणजे दोस्तांची सगळ्यात जास्त गरज ज्याला, तोच म्हणतो मला कुणी नको.

मग वेगळा रोग कसा? आमच्याकडचा सगळ्यात टिकलेला रोग कापसाचा ग्रेडर आहे. मुठीत बोंड दाबून ओल सांगणारा, गाडीवाल्याच्या चेहऱ्यावरून खालच्या थरात काय भरलंय ते ओळखणारा. रोगला दोन कौशल्यांत प्रावीण्याचा आकडा दुप्पट मिळतो. त्याने ती दोन्ही खोटं पकडण्याकडे लावली. खिसा त्याने आजवर एकदाही कापला नाही. घरी बायको, दोन लेकरं, सासरा. आणि अंधार पडायच्या आत परतायची घाई. त्या घाईने आम्हाला जितक्या भानगडीत पाडलं तितकं कुठल्या सूडकथेने पाडलं नसतं.

"माहं पात्रच तसं आहे, मी काय करू?"

हे वाक्य ऐकलं की मी खेळ थांबवतो. साथीदाराची थैली पळवायची, कैद्याला बोलणं चालू असताना मारायचं, आणि वरून पात्राचा स्वभाव पुढे करायचा. पात्र तुम्हीच केलंय ना बाप्पा? मग तुम्हीच बदला. पात्राचा वाईट गुण साथीदारांवर नाही, पात्रावरच उलटला पाहिजे. पॅलाडिनवाले (पॅलाडिन म्हणजे शपथेने बांधलेला धर्मयोद्धा) इथे हमखास सापडतात. शपथेच्या नावाखाली दुसऱ्यांची मास्तरकी करतात. पॅलाडिन शपथ घेतो तिसऱ्या पातळीला. पहिल्या दोन पातळ्या तो शपथेवाचून हिंडतो. तो अजून का थांबलाय, हे ठरवा. दुसऱ्यांना उपदेश करण्यापेक्षा त्यात जास्त खेळ आहे.

गावातला माणूस जसाच्या तसा उचलणं

आपल्या मातीतलं पात्र करायचं म्हणून एकाने गावातल्याच एका म्हाताऱ्याचं चालणं, बोलणं, तोतरेपणा सगळं उचललं. दोन दिवसांत पानठेल्यावर पोचलं, तिथून म्हाताऱ्याच्या घरी. माफी मागायला मी पण गेलो होतो. चहा मिळाला, पण नजर वर झाली नाही. तेव्हापासून नियम: सवय एकाची घ्या, आवाज दुसऱ्याचा, धंदा तिसऱ्याचा.

नावाजलेली माणसं चालतात, पण तीही पूर्ण नाही. क्लेरिक म्हणजे मंदिरातला पुजारीच हा समज मोडायला मी गाडगेबाबांचं उदाहरण देतो. हातात झाडू, दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात लोकांना उलटे प्रश्न विचारून बोलतं करायचं. यातली प्रश्न विचारायची पद्धत घ्या, बाबांना घेऊ नका. मेळघाटातल्या भूमकाचा (कोरकूंच्या पुजारी-वैद्याचा) पोशाख चढवून केलेला ड्रुइडही (निसर्गातून मंत्र मिळवणारा क्लास) मला आवडत नाही. कुणाची चालू श्रद्धा म्हणजे आपल्यासाठी वेशभूषा नव्हे.

याहून नाजूक गोष्ट वॉरलॉकची. वॉरलॉक कुणा बलाढ्य शक्तीशी करार करून मंत्र मिळवतो, आणि थोड्या विश्रांतीनंतर त्याचे मंत्र पुन्हा भरतात. मला सुचलं की ती शक्ती सावकार करावी आणि वॉरलॉक हप्ता वेळेवर भरणारा, त्याचा अभिमान असणारा. कल्पना अजूनही चांगली वाटते. पण त्या रात्री पाचांपैकी एक जण पाइप बदलायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्याच्या घरी त्या वर्षी काय चाललं होतं ते मला माहीत असायला हवं होतं. आता नवं पात्र आणायच्या आधी मी प्रत्येकाला एकेकट्याने विचारतो, काय नको ते. कारण विचारत नाही. तो वॉरलॉक वहीतच आहे.

पाच पानांची पूर्वकथा

लिहू नका. मास्तर वाचत नाही. तीन ओळी पुरतात: कुणाचं देणं आहे, कुणासमोर जीभ अडखळते, घरी वाट कोण बघतं. २०१४ च्या पुस्तकात स्वभाव, आदर्श, बंध, उणीव असे रकाने आहेत; त्यांतली उणीव आणि बंध नीट भरा, बाकीचं खेळता खेळता कळतं.

पात्र मध्येच बसलं तर

चारपाच बैठकांनंतर चांगलं पात्रही तेच ते करायला लागतं. बहुतेक जण इथे पात्र मारतात आणि नवं आणतात. मारायच्या आधी घातलेली हद्द एकदा मोडून बघा. प्रॉम्प्टरचं तेच झालं होतं; कुजबुज, चिठ्ठी, कुजबुज, चिठ्ठी. मग यंदाच्या जानेवारीत मी दरबारात ग्रेडरला बेशुद्ध पाडलं, शेवंता आधीच गप्प झालेली, समोर राजा आणि दीडशे माणसं. बोलणारं कुणी उरलं नाही.

लाइनमनने डब्यात हात घातला आणि बाहेर काढेना. तेवढ्यात लाइन गेली. मोटर बंद, दिवा बंद. अंधारातच त्याने बोलायला सुरुवात केली, पहिलं वाक्य अडखळत, मग सलग. बॅटरीच्या उजेडात चिठ्ठी बघितली तेव्हा ती ४ ची होती. करिष्मा मिळवूनही राजाला पटण्यासारखं काही नव्हतं. राजाने सगळ्यांना कोठडीत टाकलं, आणि लाइनमन फोन घेऊन सबस्टेशनला शिव्या घालत बाहेर गेला.