जबाबदार सोन्याचे दागिने विकताय? मग जाहिरात अशी करा

इन्स्टाच्या बायोत ‘एथिकल ज्वेलरी’ (म्हणजे माणसांना आणि निसर्गाला त्रास न देता मिळालेल्या, जबाबदार सोन्याचे दागिने) टाकायच्या आधी एक काम करा, आपल्याकडे सोनं येतं कुठून ते कागदावर लिहून काढा. बुलियनवाल्याचं (घाऊक सोनं विकणाऱ्याचं) बिस्कीट किती, गिऱ्हाइकांची मोड (मोडायला दिलेलं जुनं सोनं) किती, गलाईवाल्याकडून (सोनं गाळणाऱ्याकडून) शुद्ध होऊन आलेलं किती. हे लिहिता येत नसेल तर जाहिरात थांबवा, कारण पहिल्याच कमेंटमध्ये कुणीतरी विचारणार ‘म्हणजे नक्की काय हो?’

आणि त्यावर ‘हॉलमार्क आहे ना’ असं सांगू नका. एचयूआयडी (हॉलमार्कसोबतचा प्रत्येक दागिन्याचा सहा अक्षरी नंबर) १ एप्रिल २०२३ पासून कंपल्सरीच आहे, बीआयएस केअर अ‍ॅपवर कुणीही तपासू शकतं, त्यात मिरवण्यासारखं काय? तो शिक्का शुद्धता सांगतो, खाण कुठली हे सांगत नाही. जगात बऱ्याच छोट्या खाणींत अजून पाऱ्याने सोनं काढतात, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा तापवून पारा उडवतात आणि ती वाफ तिथल्याच बायापोरांच्या छातीत जाते. हे दोन वाक्यांत सांगा आणि पुढे जा. रडक्या पोरांचे फोटो टाकून पाटल्या विकायच्या नसतात.

आपल्याकडे सगळ्यात सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे मोड. घरातल्या जुन्या सोन्याची ठुशी केली तर तिच्यासाठी नवीन खाणकाम लागत नाही, आणि हे आईला, सासूला, सगळ्यांना लगेच कळतं. व्हिडिओ साधाच करा, जुना डाग (दागिना) काट्यावर, मग शुद्धता मोजणाऱ्या टंच मशीनवर, मग मुशीत (सोनं वितळवायच्या भांड्यात), परत काट्यावर, आणि घट किती आली ती आकड्यासकट दाखवा (घट लपवणारे खूप आहेत, म्हणून दाखवणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात). फक्त एक, मोड घाऊकवाल्याला देऊन बदल्यात दुसरं सोनं घेत असाल तर ‘तुमच्याच आजीचं सोनं’ म्हणू नका. आणि मोड घेताना कुणाकडून घेतली त्याची पावती नसेल तर तेही जबाबदार सोनं नाही, चोरीचा मालही मुशीत गेला की सारखाच दिसतो.

बिस्कीट घेत असाल तर रिफायनरीचा शिक्का आणि नंबर बघा, बिल जपून ठेवा. हरियाणातली एमएमटीसी-पॅम्प ही रिफायनरी एलबीएमएच्या (लंडनच्या सोने-चांदी बाजाराची संस्था) यादीत आहे, त्या यादीतल्या रिफायनऱ्यांना सोनं कुठून घेतलं याचं ऑडिट करून घ्यावं लागतं. म्हणून ‘ऑडिट झालेल्या रिफायनरीचं सोनं’ एवढंच लिहा, ‘१००% एथिकल’ नको. परदेशातलं गिऱ्हाईक फेअरट्रेड किंवा फेअरमाइन्ड (छोट्या खाणींतल्या जबाबदार सोन्याची प्रमाणपत्रं) विचारतं, पण लायसन्स नसताना त्यांचं चिन्ह पोस्टवर चिकटवायचं नाही. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये सीसीपीएने (केंद्राचं ग्राहक संरक्षण प्राधिकरण) ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांवर, गाइडलाइन्स काढल्यात, सस्टेनेबल, इको-फ्रेंडली असले शब्द वापरले तर पुरावा द्यावा लागतो.

खाणीचं एवढं बोलतो आणि कारागिरांचं कुणीच काढत नाही, हे मला पटत नाही. सांगलीकडचे विटा-खानापूरचे गलाई बांधव देशभर सोनं गाळतात, अ‍ॅसिडच्या धुरात उभे राहून. ‘केडीएम’ म्हणून जे डाग विकले गेले त्यांच्या जोडकामातल्या कॅडमियम या विषारी धातूचा धूर डाग जोडणाऱ्याच्याच छातीत गेला. तेव्हा तुमच्या कारखान्यात धूर ओढून घेणारा पंखा आहे का, डाक (जोडायचा धातू) कॅडमियमशिवायची आहे का, मजुरी वेळेवर जाते का, हे असेल तर बिनधास्त दाखवा, कारागिराला विचारून आणि त्याला हवं असेल तरच नावासकट. पंखा नसेल तर रीलवर पैसे घालण्याआधी तो बसवा.

टायमिंगचं म्हणाल तर पाडवा, अक्षय तृतीयेला हे बोलून उपयोग नाही, त्या दिवशी सगळे भाव आणि घडणावळच विचारतात. महिनाभर आधी, लग्नाची डिझाइन्स बघणं चालू असतं तेव्हा स्टेटसला टाकत राहा. बिलावर एक ओळ छापा, ‘सोनं: गिऱ्हाइकाची मोड’ किंवा ‘रिफायनरीचं बिस्कीट, नंबर अमुक’. आणि काउंटरवरच्या पोराला हे सगळं नीट समजावून सांगा, रील बघून आलेली बाई पहिला प्रश्न त्यालाच विचारणार आहे.